सातशेच्या खालचे

काल काय खाल्लंत, हा प्रश्न मी सत्तावीस वर्षं लोकांना विचारत आले आहे. तोही अनोळखी लोकांना, त्यांच्याच घरात बसून, सरकारी ओळखपत्र गळ्यात अडकवून. ‘राष्ट्रीय आहार पाहणी’ असं आमच्या कामाचं भारदस्त नाव आहे. काम मात्र साधं. समोरच्याने काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय टाकलं ते वदवून घ्यायचं आणि त्याने किती लपवलं याचा अंदाज बांधायचा.

लपवतात तर सगळेच. ओठांना साखर लागलेली असताना ‘गोड मी शिवतही नाही’ म्हणणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. डब्याचं झाकण उघडं टाकून दाराशी आलेल्या, आणि ‘आम्ही तळलेलं घरात आणतच नाही’ म्हणणाऱ्या बायका तर किती पाहिल्या त्याला गणती नाही. नवखे मुलाखतकार असल्या उत्तरांवर माना डोलवायचे. मी डोलवत नसे. ‘आणि त्याच्याबरोबर काय?’ असं विचारून मी गप्प बसायची. मिनिटभरात माणूस लोणी, साय, दुपारची दोन बिस्किटं असं सगळं ओकायचा. खात्यात माझं नाव झालं ते लोकांचं हे चोरखाणं पकडण्यामुळे. पुढे मला घरोघर हिंडायचं कारण उरलं नाही, मी कचेरीत बसून इतरांना शिकवू लागले आणि नियम लिहू लागले.

माझा सगळ्यात गाजलेला नियम चाळणीचा. ज्याच्या फॉर्ममध्ये दिवसभराच्या सातशे कॅलरीसुद्धा भरत नाहीत, तो माणूस उघडउघड लपवतोय, कारण इतक्या कमीवर कुणी चालू-फिरू शकत नाही. सबब असा फॉर्म बाद. तेव्हा पुष्कळ टाळ्या पडल्या. देश झपाट्याने म्हातारा होत होता, घरटी एकाला साखर, एकाला रक्तदाब, आणि मंत्र्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना घोर लागला होता की या एवढ्या आजारी म्हाताऱ्यांना सांभाळायचं कुणी. माझ्या चाळणीतून गाळून आलेल्या आकड्यांनी उत्तर दिलं, की म्हातारी माणसं गरजेपेक्षा जास्त खातात. मग मोहीम निघाली. ‘दोन घास कमी, दोन वर्षं जास्त’ हे वाक्य तुम्ही दवाखान्याच्या भिंतीवर वाचलं असेल. ते माझं आहे.

माझ्या टीममध्ये एकच बाई या नियमावर कुरकुर करायची. प्रश्न विचारण्याच्या तिच्या पद्धतीमुळे आम्ही तिला वकीलबाई म्हणत असू. ‘मॅडम, यातले काही फॉर्म खरे वाटतात हो,’ असं ती दर फेरीनंतर म्हणायची. ‘तुम्हाला म्हाताऱ्यांची दया येते, आणि दयेने आकडे बिघडतात,’ असं मी तिला एकदा चारचौघांत सुनावलं होतं. त्यानंतर ती बोलायची बंद झाली, आणि मला वाटलं, पटलं तिला.

घरी मी आणि बाबा, दोघंच. मी लग्न केलं नाही आणि आई जाऊन नऊ वर्षं झाली. बाबा शिंपी. अख्ख्या गल्लीच्या पँटी त्यांच्या मशीनखालून गेल्या. आता वय एक्याऐंशी, उंची बेताची आणि कानांनी जवळजवळ रजा घेतलेली. दोन वर्षांपूर्वी त्यांना साखर निघाली, मग रक्तदाब, मग मूत्रपिंडाचं काहीतरी. साखरेच्या डॉक्टरांनी साखर आणि भात काढला. रक्तदाबाच्या डॉक्टरांनी मीठ काढलं. तिसऱ्यांनी अंडी, डाळी, दूध मोजूनमापून द्यायला सांगितलं आणि फळांची यादी कापून तीनवर आणली. तिघांनीही एकमेकांचे कागद वाचले नव्हते. मी वाचले होते, कारण वाचणं हा माझा पेशा. तिन्ही वजाबाक्या झाल्यावर जे उरलं त्याचा मी सुबक तक्ता केला आणि स्वयंपाकघरात लावला. वार, वेळ, पदार्थ, ग्रॅम. सकाळी साडेआठला मी बाबांचं दुपारचं झाकून ठेवून कचेरीत जायची आणि संध्याकाळी घासलेली ताटली बघून खूश व्हायची.

बाबा म्हणजे माझा आदर्श रुग्ण. त्यांनी कधी हट्ट केला नाही, चोरून काही खाल्लं नाही. मी त्यांची कपाटं तपासायची, अगदी शिलाई मशीनचा खणसुद्धा. काही म्हणजे काही सापडलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांना मी वजनकाट्यावर उभं करायची. एकाहत्तरवरून सुरुवात झाली होती. सदुसष्ट, चौसष्ट, साठ. ‘शाबास बाबा!’ असं मी टाळी वाजवून म्हणायची. ते लाजून काट्यावरून उतरायचे. गेल्या महिन्यात सत्तेचाळीस भरलं. मला क्षणभर काहीतरी खटकलं, म्हणून मी उंची-वजनाचा सरकारी तक्ता पाहिला, तर आकडा अजून हिरव्या पट्ट्यात होता. तो तक्ता वय विचारत नाही. विशीतल्या धावपटूला आणि एक्याऐंशीच्या शिंप्याला त्यात एकच रांग आहे. मीही विचारलं नाही. ते हल्ली खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकतात आणि भिंतीला धरून चालतात, हे दिसत होतं मला. वय झालं, असं मी म्हटलं.

तर यंदाच्या फेरीत नमुन्याची घरं संगणकाने निवडली आणि त्यात आमचं घर निघालं. निघालेलं घर बदलायचं नाही, हा नियम माझाच. मुलाखत घेणारा नात्यातला नको, हाही माझाच. तिसराही एक होता. म्हाताऱ्या माणसाची मुलाखत चालू असताना घरच्यांनी समोर थांबायचं नाही, कारण ती माणसं घरच्यांच्या तोंडाकडे बघून उत्तरं देतात. म्हणून शनिवारी सकाळी अकरा वाजता वकीलबाई आपली पेटी घेऊन आमच्या बैठकीत बसली आणि मी माझ्याच घरात, दार लोटून, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले.

मला काळजी कसलीच नव्हती. उलट मनातून मी जरा फुशारले होते. आता या बाईला कळेल की नीट पाळलेलं पथ्य म्हणजे काय असतं.

“काका, काल सकाळी उठल्यावर पहिलं काय घेतलंत?” ती कानठळ्या बसतील इतक्या मोठ्याने म्हणाली.

“सात वाजता बिनसाखरेचा चहा, एक कप,” बाबा म्हणाले. “साडेसातला ओट्स, चाळीस ग्रॅम. दहाला सफरचंद, अर्धं. साडेबाराला भाज्यांचं सूप, दोन वाट्या, उकडलेलं अंडं, एक, पिवळं वगळून, गव्हाचा पाव, दोन काप…”

पाठ केल्यासारखे म्हणत होते. शुक्रवारची ओळ, जशीच्या तशी. मला अभिमान वाटला हे मी लपवत नाही. एखाद्या आईला पोराने भर वर्गात कविता म्हणून दाखवल्यावर वाटतं, तसंच काहीसं.

मग पेटी उघडल्याचा आवाज आला. तिच्यात वेगवेगळ्या मापाच्या वाट्या, चमचे आणि पावाच्या कापांएवढे लाकडी ठोकळे असतात. माणूस ‘वाटीभर’ म्हणतो तेव्हा त्याची वाटी केवढी, ते त्यावरून कळतं. बाबांनी वाट्याही अचूक उचलल्या असणार, कारण वकीलबाई पुढे सरकली.

“आणि काका, हे सगळं पोटात गेलं?”

हा प्रश्न फॉर्मवर आहे. ‘वाढलेलं’च्या शेजारी ‘उरलेलं’ असा एक रकाना आहे. वेळ वाचावा म्हणून जवळजवळ सगळेच तिथे शून्य टाकतात आणि मी तिकडे काणाडोळा करायची. उरवणाऱ्यांची मला फिकीर नव्हती, मी चोरून खाणाऱ्यांच्या मागे होते.

बाबांनी उलट विचारलं, “पोरगी कुठे आहे?”

“आत आहेत. नियमच आहे तसा.”

“हे कागदावरचं कुणाला कळतं?”

“कुणालाच नाही. गुप्त असतं.”

“पोरीलापण नाही?”

“त्यांनापण नाही.”

इथे एक सांगायला हवं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना स्वतःची कुजबुजही ऐकू येत नाही. बाबांनी आवाज खाली आणला तो एवढाच, की शेजारच्या घरात गेला नसेल.

“चहा घेतला. ओट्सचे दोन चमचे. सूप अर्धी वाटी, ते बरं असतं गरम गरम. रात्रीच्या दोन पोळ्या आणि भाजी खातो, ती घरात असते ना. बाकीचं पिशवीत.”

“कसली पिशवी?”

“फिरायला जाताना नेतो ना खाली. रखवालदाराच्या कुत्र्याला. बिचारं मनापासून खातं, मिठाबिठाची तक्रार नाही त्याची.”

त्या कुत्र्याला मी ओळखत होते. चार महिन्यांपूर्वी तो इतका सुटला की त्याला जिना चढवेना, आणि ‘या मुक्या प्राण्यास कृपया अन्न देऊ नये, त्याच्या प्रकृतीस अपाय होत आहे’ अशी नोटीस लिफ्टमध्ये लागली. आहाराचं मला कळतं म्हणून मजकूर माझ्याकडूनच लिहून घेतला होता.

“असं कालच झालं की रोज?”

“रोजच. शनिवार-रविवारी ती घरी असते, तेव्हा जरा पंचाईत होते.”

“किती दिवस?”

“आता बघा, ही पँट.” खुर्ची सरकली. बाबा उभे राहिले असावेत, कारण मधे बराच वेळ गेला. “ही पहिल्यांदा आत घेतली ती मागच्या उन्हाळ्यात. मग ही दुसरी शिलाई. ही तिसरी. ही परवाची. ढगळ दिसली तर तिच्या लक्षात येईल ना. हात अजून बरा चालतो माझा. बघा, बाहेरून कळतंय का?”

“नाही कळत,” वकीलबाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

मी स्टुलावर बसून होते. खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा आला तो राग. मी पहाटे उठून ग्रॅम मोजायची आणि हा माणूस कुत्र्याला जेवू घालत होता! तो राग साधारण चार श्वास टिकला. पाचव्याला मला त्या चार शिलाया दिसल्या, म्हणजे न बघताच दिसल्या. मी ज्यांचे खण उपसून पाहिले त्यांची कंबर मी पाहिली नव्हती.

वकीलबाईने ‘का’ असं विचारलं नाही. फॉर्मवर ‘का’ नाही. आकडे बिघडतात म्हणून तो प्रश्न मीच पहिल्या मसुद्यातून काढला होता.

बाबा आतल्या खोलीत पडायला गेल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात आली. मी सगळं ऐकलंय हे तिला ठाऊक होतं. हातातला टॅबलेट तिने माझ्यासमोर ओट्यावर ठेवला. पाचशे बारा कॅलरी. खाली लाल पट्टी, आणि पट्टीवर माझी भाषा: ‘उत्तरदाता माहिती लपवत आहे. फॉर्म बाद.’

“मॅडम, मी काय करू?” तिने विचारलं. टोमणा मारायला याहून चांगली संधी तिला जन्मात मिळाली नसती. तिने मारला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

मी संचालकसाहेबांना फोन लावला. सुट्टीच्या दिवशी फोन आला म्हणून ते आधीच वैतागले होते.

“साहेब, एक फॉर्म चाळणीत अडकलाय. पण तो खरा आहे. हाताने पास करायचाय.”

“खरा कशावरून?”

“माझे वडील आहेत ते.”

“अहो बाई, सगळेच कुणाचे ना कुणाचे वडील असतात. असे हाताने पास करायला लागलो तर चाळणी कशाला हवी? तुम्हीच शिकवलंय हे आम्हाला.”

“साहेब, मागच्या फेरीत पासष्टीच्या वरचे असे किती फॉर्म बाद केले आपण?”

कागद चाळल्याचा आवाज आला. साहेबांना आकडे हाताशी ठेवायची सवय आहे. “अकराशे चौदा. का?”

“ते पुन्हा काढायला हवेत. ते लपवत नव्हते. निदान सगळे नव्हते.”

“आणि अहवालाचं काय? पुढच्या आठवड्यात मंत्रीमहोदयांच्या हस्ते प्रकाशन आहे. ज्येष्ठांनी कमी खावं म्हणून देशभर पोस्टर लावून झालीत. आता काय सांगू त्यांना, की अकराशे म्हातारे उपाशी होते आणि आम्ही त्यांना खोटारडे ठरवलं?”

“हो. हेच सांगा.”

त्यांच्या आवाजात एकदम जिव्हाळा आला. साहेबांचा जिव्हाळा नेहमी काहीतरी टाळण्यासाठी असतो. “अहो, एवढं कशाला मनाला लावून घेता? दुसऱ्या दिवशी पुन्हा मुलाखत घ्यायची सोय आहेच की नियमात. आज पोटभर घाला वडिलांना. उद्या विचारलं की आकडा चौदाशेच्या वर येईल. फॉर्म पास, वडील खूश, अहवालही जागच्या जागी.”

ही युक्ती मला आधी सुचली नाही, एवढंच काय ते माझ्या बाजूने बोलता येईल. मी अकराशे चौदा फॉर्मांची मागणी लेखी पाठवते म्हणाले. त्यांनी ‘जरूर पाठवा’ म्हटलं आणि फोन ठेवला. त्या ‘जरूर’ची किंमत मला सत्तावीस वर्षांच्या नोकरीने शिकवली होती. तरी मी तिथल्या तिथे वकीलबाईकडून टॅबलेट घेऊन ती मागणी लिहिली, खाली सही केली, आणि तिला म्हटलं की तुमचीही करा. तिने केली. जाताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मॅडम, ते जेवतील. पण आज तक्ता बघू नका,” एवढंच ती म्हणाली.

मी तक्ता बघितला नाही. पावाचे दोन जाड काप भाजले, त्यांना हात न आखडता लोणी लावलं. अख्खं अंडं, पिवळ्यासकट, वर मीठ-मिरी. साखरेच्या डॉक्टरांना सोमवारी सकाळी गाठायचं आणि तिन्ही कागद त्यांच्या टेबलावर पसरून बसायचं, हेही ठरवलं. ताटली घेऊन बाबांच्या खोलीत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा, निदान या दोन वर्षांत तरी पहिल्यांदा, त्यांच्या जेवणाच्या वेळी त्यांच्यासमोर बसले.

बाबांनी ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हे कुणाचं?”

“तुमचं.”

“आज शनिवार ना?” ते म्हणाले. “उद्या पहिला रविवार. मी उद्या खातो हे, वजन झाल्यावर.”

“बाबा, वजनाचं राहू दे. खा तुम्ही.”

“नको गं. सेहेचाळीस भरेल उद्या, मला अंदाज आहे. हे खाल्लं तर हुकेल.”

“हुकू दे की! सेहेचाळीस कुणाला हवंय?” माझा आवाज चढला होता. एरवी त्यांच्यासाठी चढवावाच लागतो, पण हे वेगळं होतं, आणि तो फरक त्यांना कळला.

ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. “तुलाच की,” ते म्हणाले. “महिनाभर तुझं ते सकाळी धावतपळत जाणं, संध्याकाळी दमून येणं. तोंडावर हसू म्हणून नसतं तुझ्या. रविवारी आकडा खाली आला की तू टाळी वाजवतेस. अगदी लहानपणी वाजवायचीस तशी. मी म्हटलं, आपल्याकडून आता होण्यासारखं दुसरं काय आहे? हे एक जमतंय तर करू.”

देशातल्या म्हाताऱ्यांनी किती खावं हे छापून देणाऱ्या बाईला आपल्या बापाला काय उत्तर द्यावं हे सुचलं नाही. मी पावाचा एक काप उचलला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी नाइलाजाने एक लहान घास घेतला, चावला, आणि त्यांचे डोळे चमकले. लोण्याची चव त्यांच्या जिभेला दोन वर्षांनी भेटत होती. दुसरा घास मोठा घेतला. ते बघून माझे डोळे भरून आले आणि पाणी गालावर उतरलं.

बाबा चावता चावता थांबले. तोंडातला घास तसाच ठेवून त्यांनी उरलेला काप हळूच ताटलीत ठेवला आणि ताटली माझ्याकडे सरकवली.

“बघ,” ते म्हणाले, “तुला वाईट वाटलं. नको म्हणत होतो मी.”

“नाही हो बाबा. खा.”

“रडतेस कशाला मग?”

मी तोंड पुसलं आणि हसले. जमेल तसं, पण दात दिसतील एवढं हसले. बाबांनी माझा चेहरा नीट निरखला, खात्री करून घेतली आणि काप पुन्हा उचलला. मी हसत राहिले. दोन काप आणि एक अंडं संपायला त्यांना चाळीस मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ मी हसू पडू दिलं नाही.